व्यवसाय : शेती

काही वर्षांपूर्वी रेणापुरात एक आरोग्य शिबिर झाले. रक्तदाब, साखर, डोळे, छाती असे सगळे एकाच मांडवात. माझे अक्षर बरे म्हणून मला नोंदणीच्या टेबलावर बसवले होते. वहीत पाच रकाने होते. नाव, वय, गाव, व्यवसाय, तक्रार. पहिल्या माणसाच्या नावापुढे मी ‘शेती’ लिहिले आणि पुढे नुसत्या दोन रेघा ओढत खाली गेलो. बाई आली की ‘घरकाम’, की पुन्हा खाली रेघा. रांग मोठी होती, ऊन चढत होते.

रांगेत माझे चुलतेही होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. “आप्पा, काय लिहू?” असे मी विचारले खरे, पण पेन आधीच टेकवलेले होते. “शेतीच लिही की. दुसरं काय हाय आता?” ते म्हणाले. मी रेघा ओढल्या. आत डॉक्टरांनी छाती तपासली, केसपेपरवर ‘दमा’ लिहिले, पंप दिला, बिडी सोडायला सांगितली. सल्ला योग्यच होता.

ही गोष्ट मी सांगतो आहे ती एका विसंगतीसाठी. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातून बाहेर पडलेल्या लोकांच्या आठवणी मी बरीच वर्षे जमवतो आहे. त्या वहीत आप्पांची आठ पाने आहेत. दुष्काळात मुंबई गाठली, आधी बदली कामगार म्हणून गिरणीच्या गेटवर उभे राहणे, मग कार्डिंग खात्यात कायम, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर काही महिन्यांनी बिऱ्हाड गुंडाळून परत. त्याच वर्षी उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा झाला, म्हणून आप्पा गमतीने म्हणतात की मी गेलो एका जिल्ह्यातून आणि आलो दुसऱ्यात. हे सगळे माझ्याच हातचे. घरातल्या एका वहीत ते गिरणी कामगार आणि शिबिराच्या वहीत शेतकरी. दोन्ही ठिकाणी अक्षर एकच.

शिबिर भरवायचे म्हटले की आपण डॉक्टर मोजतो, यंत्रे मोजतो, औषधांचे खोके मोजतो. कामावरून उतरलेल्या, म्हणजे कारखाना सोडून गावी परतलेल्या कामगारांची तपासणी करायची असेल तर कोणकोणती माणसे लागतात, हा प्रश्न मला त्या दिवसानंतर सोडेना. मी डॉक्टर नाही. जे मिळाले ते वाचून, विचारून, जाणकारांना त्रास देऊन समजून घेतले. त्यातून एक गोष्ट पटली ती इथे मांडतो. अशा तपासणीत सर्वांत दुर्मीळ माणूस डॉक्टर नसतो. नोंदणीच्या टेबलावर बसून कामाचा इतिहास नीट विचारणारा माणूस त्याहून दुर्मीळ असतो.

*

वैद्यकाच्या इतिहासात हा प्रश्न जुना आहे. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला काय काय विचारावे हे हिप्पोक्रॅटिसने सांगून ठेवले होतेच, त्यात रामाझिनीने एका प्रश्नाची भर घातली : तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षे झाली. तो प्रश्न आज प्रत्येक केसपेपरवर छापलेला असतो आणि त्याचे उत्तर माझ्यासारखा कोणीतरी दोन रेघांनी देतो.

कापसाच्या बाबतीत ही हयगय फार महाग पडते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची सुरुवातीची खूण विचित्र आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामगार पहिल्या पाळीला गेला की काही तासांनी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. दुसऱ्या दिवशी मोकळे वाटते. सुट्टीत शरीराची धुळीशी झालेली सवय तुटते आणि पहिल्या दिवशी ती धूळ पुन्हा नव्याने बाधते. म्हणून त्याला ‘सोमवारचा ताप’ही म्हणत. रोग पुढे सरकला की मंगळवार, बुधवारही तसेच जाऊ लागतात, आणि शेवटी दम कायमचा मुक्कामाला येतो. ब्रिटनमध्ये रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात लँकेशायरच्या गिरणी कामगारांवर काम करताना याच्या पायऱ्या ठरवल्या. कधीकधीच्या सोमवारी होते ती अर्धी पायरी, दर सोमवारी होते ती पहिली, सोमवारखेरीज इतर दिवशीही होते ती दुसरी, आणि कायमचा दम ती तिसरी. या पायऱ्या कोणत्याही यंत्राने मोजलेल्या नाहीत. त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभ्या आहेत.

यंत्र इथे तोकडे पडते. बिसिनोसिसची म्हणून वेगळी ओळखता येईल अशी खूण छातीच्या एक्स-रेत उमटत नाही. फुंकण्याच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, श्वासनलिका आखडल्याचे दिसते, पण ते बिडीने आखडलेल्या किंवा चुलीच्या धुराने आखडलेल्या माणसातही तसेच दिसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९८१ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच हा होता की बिसिनोसिस आणि श्वासनलिकांचा इतर जुनाट आजार वेगळे कसे ओळखावेत. कामावर असलेल्या माणसात हा फरक ओळखायला पाळीआधी आणि पाळीनंतर फुंकायला लावून दोन आकडे ताडता येतात. चाळीस वर्षांपूर्वी गिरणी सोडलेल्या माणसाची आता कसली पाळी? त्याच्याजवळ उरते ती फक्त आठवण. म्हणजे आप्पांच्या बाबतीत रोगाचा एकमेव पुरावा त्यांच्या तोंडी होता, आणि तो टिपून घेण्याची जागा होती माझे टेबल.

शिबिरानंतर बऱ्याच दिवसांनी मी त्यांना तो प्रश्न विचारला. सुट्टी करून कामावर गेलात की पहिल्या दिवशी छातीत काही व्हायचे का? आप्पा हसले. “सोमवारी तर बाबा, छातीवर कुणी बसल्यागत व्हायचं. मंगळवारी मोकळं. समद्या खात्यालाच व्हायचं. आमी म्हणायचो, घरची याद येती.”

यावरून आप्पांना बिसिनोसिस होता असे मी म्हणत नाही. ते बिडीही ओढत. एवढेच म्हणतो की हा प्रश्न विचारला गेला असता तर केसपेपरवर ‘दमा’ या शब्दाशेजारी आणखी एक शब्द, निदान एक प्रश्नचिन्ह, आले असते.

*

प्रश्न छापून दिला की काम भागेल असे आधी मलाही वाटले. मी तसा एक कागद तयार केला आणि तालुक्यातल्या, बाहेर काम करून परतलेल्या मोजक्या माणसांकडे गेलो. पहिल्याच गृहस्थांनी पाणी पाजले. ‘गिरणीत काय करत होता?’ ‘साफसफाई.’ मी ‘झाडूकाम’ लिहिले. शेजारी आप्पा बसलेले होते. त्यांनी लगेच विचारले, “कसली साफसफाई? कार्डाची का?” गृहस्थ म्हणाले, “मग काय तर.”

गिरणीची माहिती नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. कापसाची गाठ फोडून पिंजण्याचे काम ब्लो रूममध्ये होते आणि त्यानंतर कार्डिंग खात्यात तारांच्या दातांच्या मोठ्या रुळांवरून कापूस विंचरला जातो. या दातांत रुई, माती, पानांचा चुरा अडकतो. तो वेळोवेळी काढून रूळ साफ करणे आणि दात घासून धार लावणे, ही गिरणीतली सर्वांत धुळीची कामे. लँकेशायरमध्येही बिसिनोसिसचे प्रमाण कार्ड साफ करणाऱ्यांत आणि घासणाऱ्यांत ठळक होते. विणकाम खात्यात धूळ त्या मानाने कमी. तेव्हा माझ्या कागदावर ज्याला झाडूवाला म्हणून शेवटच्या ओळीत टाकले होते तो माणूस खरे तर यादीत पहिला हवा होता. हा फरक मला पुस्तकाने सांगितला नव्हता, आप्पांच्या एका शब्दाने सांगितला.

असे शब्द पुष्कळ आहेत. ‘बदलीवर होतो’ म्हणजे आज या खात्यात, उद्या त्या खात्यात. मग धूळ किती वर्षे खाल्ली याचा हिशेब खातेवार लावावा लागतो. ‘सोमवार’ हा शब्दसुद्धा फसवा. ज्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी नव्हती त्याला सोमवारचे विचारून उपयोग नाही. ‘सुट्टीनंतरची पहिली पाळी’ असेच विचारले पाहिजे. सालेही कोणाला आठवत नाहीत. तिथे आमच्या भागाचे पंचांग कामाला येते. दुष्काळाच्या आधी की नंतर? आणीबाणीत कुठे होता? संपाच्या वेळी कोणत्या खात्यात? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गावात होता की बाहेर? १९७२, १९७५, १९८२, १९९३ ही चार खुंट्या ठोकल्या की त्यांच्यामध्ये एका माणसाचे सगळे काम टांगता येते. एका माणसाला मला पाऊण तास लागला. सरकारी ओपीडीत एका रुग्णाला जी मिनिटे मिळतात त्यात हे बसत नाही, आणि त्यात डॉक्टरांचा दोष नाही.

बायकांच्या बाबतीत तर पहिला शब्दच फुटत नाही. जिनिंगमध्ये हंगामामागून हंगाम सरकी-रुई उपसलेली बाई ‘काम करत होता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणते. हजेरी तिच्या नावावर नसेल, मजुरी आठवड्याला हातात पडत असेल, तर तिच्या मते ते ‘काम’ नव्हते, ‘जाणं’ होते. ‘जिनिंगला जात होता का?’ असे विचारले की मग सांगतात.

*

हे काम कामगारानेच करावे ही काही माझी कल्पना नव्हे. कापसाच्याच बाबतीत अमेरिकेच्या दक्षिण भागात, कॅरोलिना राज्यांत, १९७५ मध्ये निवृत्त गिरणी कामगारांनी ‘ब्राउन लंग असोसिएशन’ उभी केली. त्यांनी गिरण्यांच्या गावांत श्वास तपासणीची शिबिरे भरवली. डॉक्टर आणि तंत्रज्ञ स्वयंसेवक म्हणून बाहेरून यायचे. घरोघर जाऊन माणसे आणणे, त्यांच्याकडून कामाचा इतिहास काढणे, भरपाईचे अर्ज भरून घेणे यांत जुने कामगार असायचे. १९७८ मध्ये अमेरिकी सरकारने कापसाच्या धुळीची मर्यादा ठरवली तेव्हा त्यामागच्या रेट्यात या म्हाताऱ्या माणसांचा वाटा होता. पुढे अण्वस्त्रांच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांसाठी तिथल्या संसदेने १९९२ मध्ये कायदा केला आणि १९९६ पासून मोफत तपासणी सुरू झाली. त्यातही बांधकाम कामगारांच्या संघटनांशी जोडलेल्या कार्यक्रमात इतिहास विचारायला त्याच धंद्यातली, प्रशिक्षण दिलेली माणसे बसवली. कोणत्या इमारतीत कोणत्या वर्षी कोणते आवरण फोडले हे त्यांना ठाऊक असते. तपासणी एकदाच होत नाही. दर तीन वर्षांनी पुन्हा बोलावतात.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी कामगार संघटनांच्या बरोबरीने व्यवसायजन्य आजारांवर वर्षानुवर्षे काम केले. मुंबईच्या एका कापड गिरणीतल्या बिसिनोसिसवरचा त्यांचा निबंध १९९५ मध्ये आला. २००५ मध्ये त्यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १८१ कामगार तपासले गेले आणि त्यांपैकी २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. त्याच निबंधात एक वाक्य अंगावर येणारे आहे. भारतात ॲस्बेस्टॉसचे काम करणारे अंदाजे एक लाख, आणि त्या वेळेपर्यंत भरपाई मिळालेले तीसहून कमी. एवढी तफावत रोग नसल्यामुळे पडत नाही. तो कोणी शोधतच नाही, म्हणून पडते.

*

इतर माणसांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याबद्दल पुस्तकांत भरपूर आहे.

स्पायरोमेट्री करणारा तंत्रज्ञ हा अर्धा तंत्रज्ञ आणि अर्धा तालमीतला वस्ताद असावा लागतो. पूर्ण श्वास घ्यायचा, झटक्यात सोडायचा, आणि संपला असे वाटले तरी सोडतच राहायचे. असे निदान तीन चांगले फुंक हवेत आणि त्यांतले सर्वोत्तम दोन एकमेकांपासून १५० मिलिलिटरच्या आत हवेत, तर निकाल ग्राह्य. म्हातारा माणूस पहिल्या फुंकीला खोकतो, दुसऱ्याला लाजतो. “जोर लावा, जोर, अजून, अजून, अजून!” असे त्याच्या भाषेत कोणी ओरडले नाही तर आकडा कमी येतो आणि निरोगी फुप्फुस रोगी ठरते. अपेक्षित आकडा वय आणि उंचीवरून काढतात. पाठीला बाक आलेल्या माणसाची उंची मोजून फसगत होते, त्याचे दोन्ही हात पसरून अंतर मोजावे लागते. हे सगळे शिकवून येते. यंत्र विकत घेतले की माणूस आपोआप तयार होतो असा समज मात्र सर्वत्र आहे.

सिलिका आणि ॲस्बेस्टॉस यांच्यासाठी एक्स-रे लागतो आणि तो वाचणारा लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने नमुन्याच्या चित्रांचा एक संच ठरवून दिला आहे. त्याच्याशी ताडून छायाचित्राला बारा पायऱ्यांपैकी एक द्यायची, आणि हे दोघातिघांनी एकमेकांचे न पाहता करायचे. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी छातीवर डाग दिसला की पहिला विचार क्षयाचा येतो, आणि क्षय इतका आहे की तो यायलाच हवा. पण दगड फोडलेल्या माणसाला क्षयाचे औषध देऊनही दम हटला नाही, तर दुसरा विचार करणारा कोणीतरी हवा. तो विचार सुचायला पुन्हा ‘दगड फोडला होता’ हे केसपेपरवर असले पाहिजे. फिरून आपण त्याच टेबलाशी येतो.

डॉक्टरांबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. या तपासणीत डॉक्टरांचे ज्ञान जेवढे लागते, त्याहून जास्त त्यांची सही लागते. ‘हा आजार कामामुळे’ असे लिहिले की त्यामागे मालक, विमा, वैद्यकीय मंडळ, न्यायालयाच्या तारखा येतात. कारखान्याच्या पगारावरचा डॉक्टर ते लिहायला कचरतो आणि बाहेरच्याला त्याचे प्रशिक्षण नसते. औद्योगिक आरोग्याचा खास अभ्यासक्रम मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत आहे, पण तो करणारे बहुतेक डॉक्टर कारखान्यांसाठीच करतात. माजी कामगाराला तपासायला कोणी ते नेमत नाही.

कायदाही माजी माणसाकडे पाठ करून उभा आहे. बिसिनोसिस, उसाच्या चिपाडाच्या कुबट धुळीने होणारा बॅगासोसिस, सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस ही नावे कामगार विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होती. आमच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात बॅगासोसिस हा शब्द उच्चारलेला मी ऐकलेला नाही, पण तो कायद्यात छापलेला आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याने मात्र कलम १० मध्ये अशी सवलत दिली की काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तर ती कामाचीच धरावीत. दोन वर्षे! ॲस्बेस्टॉसचा आजार वर यायला दोन-दोन दशके लागतात. सर्वोच्च न्यायालयाला हे कळले होते. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात, अहमदाबादच्या ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर, न्यायालयाने आदेश दिला की ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर जपावी. नोंद जपायची ती पुढे कोणीतरी उघडून पाहावी म्हणून. उघडणाऱ्याची नेमणूक कोणी करायची, हे निकालात नाही. २०२० च्या संहितेतली वार्षिक मोफत तपासणीही कामावर असलेल्यांसाठीच आहे.

*

कामगारानेच इतिहास घ्यावा, या मताला एक खरा आक्षेप आहे आणि तो मी स्वतः अनुभवला. आप्पा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून प्रश्न असा विचारू लागले : “सोमवारी छाती भरायची ना रं?” समोरचा ‘हो’ म्हणणारच. जुन्या सोबत्याला नाही म्हणायला कोणाची जीभ वळते? त्यात उत्तराला पैसे जोडलेले असतील तर प्रश्नच मिटला. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी धोरण आणले. प्रमाणपत्र मिळाले की तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. ही मदत देणारे धोरण देशात अपवादानेच सापडते आणि मला ते मोलाचे वाटते. पण जिथे एका कागदाची किंमत एवढी, तिथे प्रश्न विचारणाऱ्यावर केवढा भार येतो हेही उघड आहे.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. वाक्ये ठरवून द्यायची आणि त्यात बदल करायचा नाही. सोमवारचा प्रश्न एकटा न विचारता चार बिनमहत्त्वाच्या प्रश्नांत मिसळून विचारायचा. काही माणसांना दुसऱ्या कोणाकडून पुन्हा विचारून दोन्ही उत्तरे ताडायची. आणि इतिहास घेणाऱ्याला निकाल कळवायचा नाही, सांगायला तर मुळीच लावायचा नाही. गावात एकाच्या छातीची बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. आप्पांना मी एवढेच म्हणालो की ‘ना रं’ काढा. त्यांना ते जड गेले. पण त्यांनी काढले.

पगाराचे काय, हा पुढचा प्रश्न. तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेत अशा माणसाचे मंजूर पद नाही. आहेत त्या आशाताई. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी त्या जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्याच्या एका भागात स्वयंपाकाचे इंधन कोणते आणि धूर-धुळीच्या उद्योगात काम आहे का, हे विचारलेले आहे. उदाहरण वीटभट्टी आणि काच कारखान्याचे आहे. कापूस नाही, आणि ‘पूर्वी होते का’ हेही नाही. शिवाय आधीच्या भागाला गुण आहेत, या भागाला नाहीत. म्हणून घाईत काय सुटते ते सांगायला नको. तरी रकाना आहे. तो बोलका करायला दोन शब्द आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरेल असे मला वाटते. पाऊण तासाची मुलाखत आशाताईंवर टाकू नये. त्यांनी फक्त नाव हेरावे आणि पुढे जुन्या कामगाराला ठरावीक मानधन देऊन पाठवावे.

माणसे सापडणार कुठे, असे विचारणाऱ्यांना मी म्हाडाचे उदाहरण देतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत काम केल्याचा पुरावा म्हणून लोकांनी ट्रंकेच्या तळातून तिकीट नंबर, विम्याचे कार्ड, हजेरीचे कागद काढून जोडले. महाराष्ट्रभरच्या खेड्यांचे पत्ते त्यात आहेत. एवढी मोठी यादी जगात थोड्याच ठिकाणी असेल. त्या अर्जावर घर मागायची सोय होती; खोकला आहे का, हे विचारायचे कोणाच्या मनात आले नाही. आप्पांचाही अर्ज त्यात आहे. सोडतीत नाव लागलेले नाही.

*

गेल्या हिवाळ्यात त्याच मांडवात पुन्हा शिबिर झाले. आयोजकांकडे मी महिनाभर आधी जाऊन बसलो होतो. पूर्ण पान मागितले होते, अर्धी ओळ मिळाली. ‘व्यवसाय’ या रकान्याखाली ‘पूर्वीचा व्यवसाय’ असे छापून आले. मी टेबलावर, शेजारी स्टुलावर आप्पा. रांग तशीच मोठी होती आणि मागून घाई करणारेही होते.

पहिल्याच तासात एक म्हातारी आली. नाव, वय, गाव झाले. मी विचारले, पूर्वीचा व्यवसाय? तिने माझ्याकडे पाहिले, मग आप्पांकडे.

“पूर्वीचा म्हंजी लग्नाच्या आदीचा का नंतरचा?”

“मावशी, दोन्ही सांगा,” मी म्हणालो, आणि आप्पांनी उठून तिला स्टूल दिले.